नववा लाल, बाविसावा पांढरा

"मले माहीत नाई" हे वाक्य आमचे सर अशा थाटात उच्चारायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या पानात आत्ताच कुणीतरी तुपाची धार धरली. खामगावच्या ज्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवायची, तिथे ते जीवशास्त्र शिकवत. मास्तर माणसाला एखादी गोष्ट माहीत नसली की तो आवाज चढवतो, फळा पुसायला लागतो, नाहीतर विचारणाऱ्या पोराची हजेरी कमी असल्याचं त्याला एकदम आठवतं. मी स्वतः हे तिन्ही उपाय केलेले आहेत. सरांचं उलटंच होतं. प्रश्न अडला की चष्मा कपाळावर जायचा, डोळे चमकायचे आणि भर वर्गात ते जाहीर करायचे, "मले माहीत नाई! पाहू आपन."

या "पाहू आपन"ची आम्हा सगळ्यांना धास्ती होती. बीटी कपाशी आमच्या भागात नुकतीच रुळली होती, तेव्हाची गोष्ट. एका हंगामात बातमी उठली की वेचणी झालेल्या बीटीच्या वावरात चरून शेळ्या मरतात. स्टाफरूममध्ये लगेच दोन तट पडले. एका तटाला शेळ्या का मरतात ते पक्कं माहीत होतं आणि दुसऱ्याला त्या का मरत नाहीत ते.  सरांनी ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक शेळी मागून घेतली आणि अख्खा रविवार तिच्या मागे कपाशीच्या वावरात हिंडले. ऊन फार म्हणून छत्री नेली होती, ती शेळीवर धरली. सोमवारी नाक सोलवटून आले. शेळी ठणठणीत होती.

"म्हणजे बीटी निर्दोष?" मी विचारलं.

"एका शेळीवरून काय कळते, बाई? एवढंच कळलं, का त्या शेळीले पऱ्हाटीपेक्षा बांधावरची बोर जास्त आवडते."

असल्या उत्तरांमुळे त्यांच्यावर कुणीच खूश नसे. बियाण्यांचा दुकानदार त्यांना बीटीविरोधी मोर्चावाल्यांचा माणूस समजायचा आणि मोर्चावाले दुकानदाराचा. ती वर्षंच तशी होती. कपाशीवर लाल्या रोग यायचा, अळी औषधाला दाद देईनाशी व्हायची, भाव पडायचे, आणि सकाळी वर्तमानपत्र उघडावं तर कुठल्यातरी गावातली वाईट बातमी पहिल्या पानावर हजर. अशा दिवसांत माणसाला कारण हवं असतं आणि कारणांचा बाजार तेजीत असतो. सरांचं पालुपद मात्र एकच असे, "काय ते आधी, काऊन ते मंग." काऊन म्हणजे का.

ते एकटे राहत. लग्न केलं नव्हतं. का, असं एकदा मी धीर करून विचारलं, तर तेच तूप लावलेलं उत्तर मिळालं, "मले माहीत नाई." राहायला एक खोली होती, रहीमभाई गादीवाल्याच्या दुकानावर. रहीमभाई पिढीजात पिंजारी. खाली दिवसभर पिंजण्याचं यंत्र घरघरायचं, रुईचा धुरळा जिन्यानं वर चढायचा, आणि सर कॉलेजात यायचे ते केसांत, भुवयांवर, कॉलरवर रुई मिरवत. नवीन पोरांना वाटायचं, सरांचे केस पिकलेत. डिसेंबरात लग्नसराईच्या गाद्या सुरू झाल्या की सर एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसत, आणि पावसाळ्यात पुन्हा तरुण होत.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, दोरे असत. लाल आणि पांढरे, गादीला टाके घालायचे जाड दोरे, रहीमभाईंच्याच दुकानातले. गुणसूत्रं शिकवायची ती या दोऱ्यांनी. हे कळलं की "दोरेवाले सर" हे नाव पोरांनी का ठेवलं ते वेगळं सांगायला नको.

तर या रहीमभाईंना एका वर्षी थकवा यायला लागला. धिप्पाड माणूस, पण गादी उलटवताना धाप लागे. डाव्या कुशीत काहीतरी जड भरल्यासारखं वाटायचं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या. नागपूरला नेलं, हाडातला मगज काढून तपासायला पाठवला आणि निदान झालं, रक्ताचा कॅन्सर. त्यांची मुलगी नसीम माझी विद्यार्थिनी, म्हणून मी भेटायला गेले. घरात बायका डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. रहीमभाई भिंतीला टेकून. आणि आमचे सर खिडकीपाशी उभे राहून रिपोर्टातला गुणसूत्रांचा फोटो उजेडात धरून पाहत होते. जोड्याजोड्यांनी मांडलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्याच त्या. सर पुटपुटले, "वा!"

मला इतका संताप आला की काय सांगू. मी दबक्या आवाजात म्हटलं, "सर, आजार आहे तो."

"हाव. पन पाहा तरी, बाई, केवढीशी जागा!"

 पण रहीमभाई सावरून बसले आणि म्हणाले, "काय दिसून राह्यलं, सर? मलेबी दाखवा ना."

सर त्यांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले. खिशातून एक लांब लाल दोरा काढला, एक आखूड पांढरा. "हा नववा. हा बाविसावा. हरेक मानसाच्या पेशीत असे दोरे असतात, जोडीजोडीनं. यायच्यावरच सगळा हुकूम लिहिलेला असते, पेशीनं कधी वाढायचं, कधी थांबायचं." मग दाताने दोन्ही दोऱ्यांचे शेंडे तोडले. लालचा तुकडा पांढऱ्याला बांधला, पांढऱ्याचा लालला. "आता सांगा, दोरा वाढला काय?"

"नाई."

"घटला काय?"

"नाई. शेंड्यायची अदलाबदल झाली फक्त."

"बस, एवढंच झालं. बाहेरून काही आलं नाई, घरातून काही गेलं नाई. पन ह्या लाल शेंड्यावर एक बटन होतं. विहिरीवरच्या पंपाचं असते ना, तसं. गरज पडली का चालू, सरली का बंद. ते बटन जाऊन जुळलं पांढऱ्याच्या तारेले. आता ते बंदच होत नाई. पंप चालूच, चालूच. पांढऱ्या पेशी निघूनच राह्यल्या. पान्यानं वावर चिबडल्यावर पीक कसं उभं राहील?"

रहीमभाईंनी ती गाठ अंगठ्यानं चाचपून पाहिली. आयुष्य दोऱ्यांत गेलेला माणूस तो. म्हणाले, "गाठ सोडवता येत नाई?"

"नाई येत. पन आता गोळी निघाली हाय. ते गोळी गाठ सोडत नाई, बटनात काडी खुपसून बसते. काडी हाय तोवर पंप बंद. काडी काढली का पुन्हा चालू. म्हनून रोज खायची. बरं वाटलं तरी खायची."

"अन् काऊन झालं हे? मलेच काऊन?"

खोलीतल्या प्रत्येकाकडे याचं उत्तर तयार होतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. सर मात्र हळू आवाजात म्हणाले, "मले माहीत नाई, रहीमभाई." या खेपेला त्या वाक्यावर तूप नव्हतं. पण ते उठले नाहीत, तसेच बसून राहिले. मीही मग बसले.

गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्या-दोन महिन्यांत रहीमभाईंच्या तोंडावर तजेला आला. त्या दिवसापासून सरांचा नेम ठरला. कॉलेज सुटलं की जिना चढण्याआधी दुकानाच्या पायरीशी थांबायचं आणि एकच शब्द विचारायचा, "खाल्ली?" आतून उत्तर यायचं, "खाल्ली, सर." मग जिना. तब्येत कशी, झोप लागते का, असली चौकशी सरांनी कधी केलेली मी ऐकली नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ घातला तो सरांनीच. कापसाच्या जिनिंग गिरणीजवळच्या चहाच्या टपरीवर कापूस घेऊन आलेले लोक दिवसदिवस खोळंबून बसायचे. सर तिथे चहाला जायचे. डोक्यात नववा-बाविसावा भिनलेला, समोर फुरसतीची माणसं आणि खिशात दोरे. त्यांनी प्रयोग मांडला. "आपल्या गादीवाल्या रहीमभाईच्या रक्तात पाहा काय गंमत झाली." गंमत! एका घराच्या दुखण्याला हा शब्द वापरणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच. नुसती कीव यावी असं निरागसपण होतं ते, आणि निरागसपण किती घातकी असतं ते मला त्या वर्षी कळलं.

जीन हा शब्द आमच्या भागातल्या लोकांना कॉलेजातून नव्हे, बियाण्यांच्या पिशवीवरून माहीत झालेला. बीटीत बाहेरचा जीन घातलाय, हे दुकानदारानं शंभरदा सांगितलेलं. तेव्हा टपरीवरून उठताना लोकांनी आपापला हिशेब जुळवला: रहीमभाई जन्मभर कापूस पिंजतो, हल्लीचा कापूस सगळा बीटी, धुरळ्यातून बीटीचा जीन त्याच्या रक्तात शिरला. गावात ही गोष्ट पसरायला आठवडाही लागला नाही. गाद्यांची गिऱ्हाइकं कमी झाली. पण त्याहून वाईट खबर आली ती रोहिणखेडहून. नसीमचं लग्न तिथल्या एका शेतकरी घरात ठरलं होतं. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, तारीख सध्या राहू द्या.

पिंजाऱ्याच्या घरची मुलगी सासरी जाताना बापाच्या हातची गादी नेते. नसीमची गादी अर्धी भरून कोपऱ्यात उभी होती. रहीमभाई तिच्याकडे पाहायचेही नाहीत. नसीम माझ्याकडे आली, रडली नाही, फक्त म्हणाली, "बाई, अब्बू म्हनते का आता गोळी खाऊन करायचं काय." मी तडक सरांकडे गेले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. टपरीवरच्या गमतीचं काय झालंय, ते त्यांना त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हतं. ते बराच वेळ खिशातल्या दोऱ्यांशी चाळा करत उभे राहिले. मग म्हणाले, "चाला. रोहिनखेडले जाऊ."

मोताळ्याला गाडी बदलून आम्ही पोचलो. जुन्या मशिदीमागच्या गल्लीत मुलाचं घर. कारभार आजोबांच्या हातात, त्यांना सगळे बडे अब्बा म्हणत. पांढरी दाढी, हाताला कपाशीच्या बोंडांनी पडलेले जुने चरे. सरांना ओसरीवरच्या बाजेवर बसवलं, मला आत बायकांत नेलं. पाणी आलं. चहा नाही. ठरलेली सोयरीक मोडायची असली म्हणजे पाण्यावर भागवतात, हे कळायला मी काही परगावची नव्हे. माझा जन्म याच जिल्ह्यातल्या जानेफळचा.

मुलाची आई भली बाई होती. माझा हात धरून म्हणाली, "बाई, पोरीत खोट नाई, आमाले मालूम हाय. पन आमी कपाशीवाले. बीटीचं बी घरी धरून दुसऱ्या साली पेरलं तर कसं येते, ते आमी पाह्यलं. एक झाड उंच, एक बुटकं, बोंडं धरत नाईत. बापाच्या रक्तात बीटी गेलं. मंग त्या बापाची लेक…" ती माझ्याजवळ सरकली. "नातवंडं कशी होतील, बाई?"

मी चाट पडले. मला वाटलं होतं, अडाणीपणा ऐकायला मिळेल आणि मी चार शब्द सुनावीन. पण हे अडाणीपण नव्हतं. आपल्या वावरात डोळ्यांनी पाहिलेलं त्या बाईनं नीट माणसाला लावून बघितलं होतं. चूक होती, पण अशी चूक करायला आधी शेती कळावी लागते.  मी तिचा हात धरूनच उंबऱ्यापर्यंत आले आणि ओसरीवर सगळ्यांदेखत सरांना तो प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

चष्मा कपाळावर गेला. "वा! लय बरोबर प्रश्न हाय!" सर उठून उभेच राहिले. माझ्या शेजारची बाई लाजून पदराआड झाली. जन्मात तिच्या प्रश्नाला कुणी वा म्हटलं नसावं.

सर बडे अब्बांकडे वळले. "दादा, पयली गोठ. बाहेरचं काहीच शिरलं नाई. त्याचेच दोन दोरे, त्यायचीच अदलाबदल." लाल-पांढऱ्याचा खेळ त्यांनी दाखवला. "दुसरी गोठ. मले सांगा, दिवाळीले कापूस येचून तुमी घरात आनून टाकला. होळीच्या टायमाले वावरातल्या पऱ्हाटीच्या एका फांदीवर रोग आला. घरातल्या कापसाची सरकी बिघडंल काय?"

"कशी बिघडंल? ते तर कवाच घरात आली."

"नसीम दिवाळीचा कापूस हाय, दादा. बापाचा रोग आताचा. अन् तोबी सगळ्या झाडावर नाई. हाडाच्या मगजात एक पेशी बिघडली, तिचीच पिलावळ वाढली. लेकराले जन्म देनारं बी वेगळ्या घरी राह्यते. तिथं हे गेलंच नाई."

बडे अब्बा दोऱ्याची गाठ बघत राहिले.  मग त्यांनी मान वर केली. "मास्तर, समजलं. आता एक सांगा. पोरीले हे कधीच होनार नाई, याची गॅरंटी देता?"

देऊन टाका, मी मनात म्हटलं. एवढ्या लांबून आलोय, एक शब्द, हो म्हणा आणि सुटा.

"नाई," सर म्हणाले.



"बापाकडून येनार नाई, एवढं पक्कं. पन कोनाच्या अंगात उद्या कोनता दोरा कुठं तुटंल, ते मले माहीत नाई. तिच्या नाई, तुमच्या नातवाच्या नाई, माह्याबी नाई. ते कोनालेच माहीत नाई." मग त्यांचा आवाज उतरला. "अन् दादा, हे सगळं बाजारात गेलं ते माह्या तोंडातून. दुसऱ्याच्या घरातलं दुखनं मी टपरीवर मांडलं. मले वाटलं, लोक दोरे पाहून राह्यले. ते रहीमभाईले पाहून राह्यले होते. कसूर माहा हाय. सजा पोरीले काऊन?"

बडे अब्बा दाढीवरून हात फिरवत होते. "तुमचा पोरगा असता तर हे सोयरीक केली असती तुमी?"

सरांनी खरोखर विचार केला. विचारायचा म्हणून विचारलेला प्रश्न, पण हा माणूस त्यावरही विचार करत बसला. "पोरगा नाई मले. एक पुतन्या हाय अकोल्याले. पन तो काही कामाचा नाई. त्याले नसीम देऊ नका म्हनून मीच सांगतलं असतं."

म्हातारा हसला. आधी नुसते खांदे हलले, मग तोंडभर हसला, आणि त्यानं डोळे पुसले ते हसण्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. "बियान्यावाला ह्याच बाजेवर बसून गॅरंटी देऊन गेला. फवाऱ्याच्या औषधावाला देऊन गेला. भाषणवाले देऊन गेले. गॅरंटी नाई म्हननारा मानूस आज पयल्यांदा आला ह्या ओसरीवर." आणि मग आत तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "अगे, चाय तो रखो! मेहमान कबसे खाली पानी पे बैठे हैं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

परतीच्या गाडीत मी सरांना म्हटलं, "हो म्हणून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"मले माहीत नाई," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, आणि झोपी गेले.

नसीमचं लग्न झालं. गादी रहीमभाईंनी स्वतः पूर्ण केली. शेवटच्या टाक्यांना सरांच्या खिशातले दोरे द्या, म्हणून त्यांनी फार गळ घातली. मला तर ती कल्पना इतकी आवडली होती की मी त्यावर निबंध पाडला असता. सरांनी साफ नकार दिला. "उद्या बारावीचा तास हाय."

टपरीवर मात्र त्यांनी पुन्हा कधी दोरे काढले नाहीत. चहा घ्यायचे, खिशावर हात जायचा आणि तसाच खाली यायचा. वर्गात शिकवताना रहीमभाईंचं नाव न घेता "एक माणूस" म्हणायचे. बाकी सगळं तसंच राहिलं. ते निवृत्त झाले, मी झाले, यंत्र नवं आलं, खोली तीच राहिली आणि संध्याकाळचा तो एक शब्दही. नागपूरला तपासणीत दरवेळी त्या गाठीचा मागमूस कमी कमी होत गेला. सर मात्र बजावायचे, "दिसत नाई म्हंजे नाई, असं नाई."

सर गेले ते एका सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. रहीमभाई चहा घेऊन वर गेले तेव्हा कळलं. अकोल्याचा पुतण्या आला. काही कामाचा नसलेल्या त्या पुतण्यानं सगळं इतक्या मायेनं केलं, की सरांचं हे एक निरीक्षण चुकलं होतं म्हणायला हवं.

पायरीपाशी मी आणि रहीमभाई उभे होतो. दुकान बंद, यंत्र बंद. रहीमभाई स्वतःशी बोलल्यासारखे बोलत होते. "बाई, मले झालं तवा सगळ्यायले मालूम होतं काऊन झालं ते. कोनी म्हने बीटी, कोनी म्हने करनी, कोनी म्हने गुनाह. हरेकजन कारन सांगे अन् निंघून जाये. एक त्यायलेच मालूम नव्हतं. म्हनून ते बसून राह्यले."

तिरडी उचलायची वेळ झाली. सरांच्या केसांत नेहमीसारखी रुई अडकली होती. पुतण्यानं ती झटकायला हात पुढे केला, तेव्हा रहीमभाईंनी त्याला थांबवलं आणि स्वतः एकेक तंतू वेचून काढला. मग सरांच्या कानाशी वाकले. त्या दिवशी विचारणारं कुणी नव्हतं, तरी त्यांनी उत्तर दिलं.

"खाल्ली, सर."